पुष्पा आणि रेडॉनच्या डब्या

एखाद्याचं कौतुक करायला बसावं आणि दुसऱ्याच वाक्याला पोटात दुखायला लागावं, असं माझं पुष्पाच्या बाबतीत होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मी तिच्याबद्दल काही वाकडं बोललेच, तर त्यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राची विभागप्रमुख. पीएच.डी. माझी, सीनिऑरिटी माझी, खिडकीजवळचं टेबल माझं. पुष्पा पाटील माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पारोळ्याकडच्या खेड्यातली, आणि तिची पीएच.डी. मी तिला ओळखायला लागल्यापासून 'होतच आली' होती. पण शिपाई चहा आणायचा तो आधी तिच्या टेबलावर. पोरी रडायला जायच्या तिच्याकडे. माझ्याकडे यायच्या त्या सही घ्यायला. एकदा न राहवून मी शिपायाला विचारलंच, "काय रे, पहिला कप तिकडेच कसा जातो?" तर म्हणतो, "मॅडम, त्या गरम पितात. तुम्ही फुंकत बसता."

दिसायला म्हणाल तर काही नाही. बुटकी, अंगाने भरलेली, साड्या पोपटी नाहीतर राणी रंगाच्या, आणि हातभर मॅचिंग बांगड्या. लॅबमध्ये आधी बांगड्या यायच्या, मागून बाई. वेळेवर आलेली कुणी पाहिली नाही. माझं पेन घेऊन जायची आणि परत द्यायची ते बिनटोपणाचं. माझा डबा उघडून म्हणायची, "अय्या, भरीत! थोडं घेते हं," आणि थोडं माझ्यासाठी ठेवायची. मी रागवायला तोंड उघडावं तोवर ती हसायची. हसली की गाल इतके वर जायचे की डोळेच दिसेनासे व्हायचे. डोळे दिसत नसलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

तर रेडॉन. घरातल्या हवेत रेडॉन किती आहे ते तपासण्याचा एक प्रकल्प आमच्या विभागाला मिळाला. मिळाला म्हणजे, मी तीन वर्षं अर्ज करकरून मिळवला. रेडॉन हा वायू. रंग नाही, वास नाही. जमिनीतून, दगडातून झिरपत वर येतो. उघड्यावर विरून जातो, पण जमिनीलगतच्या कोंदट, बंद खोलीत साठत राहतो. वर्षानुवर्षं तीच हवा छातीत गेली तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आपल्याकडचा काळा दगड त्या मानाने साधा, फार रेडॉन सोडत नाही. पण मोजल्याशिवाय बोलायचं कसं? मोजायचं साधन म्हणजे मुठीत मावेल अशी एक प्लास्टिकची डबी, आत एका खास फिल्मचा तुकडा. ती तीन महिने घरात टांगायची. मग फिल्म काढून कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुवायची, की जिथे रेडॉनचा मार बसला असेल तिथे बारीक भोकं दिसायला लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची. जितकी भोकं जास्त, तितका रेडॉन जास्त.

यात अवघड असं काहीच नव्हतं. अवघड होतं लोकांच्या घरात शिरणं.

पहिल्याच दिवशी धुळ्यातल्या एका कॉलनीत जाळीच्या दाराआडून एका बाईंनी विचारलं, "मीटरवाल्या का?" मी म्हटलं, "नाही, मी डॉक्टर शैलजा. आपल्या घरातल्या किरणोत्सारी वायूचं आम्ही सर्वेक्षण..." धाडकन दार बंद, आतून कडी! मी तशीच उभी. पुष्पा तोवर शेजारच्या दारात पाणी मागायला गेली होती. पाच मिनिटांनी मान वर करून बघते तर बया त्या घराच्या गच्चीवर, पदर खोचून, त्या शेजारणीबरोबर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या उलटतेय. आणि कडी लावून बसलेली ती पहिली बाई आपल्या गच्चीवरून हिला विचारतेय, "ओ ताई, आमच्याकडे नाही का लावणार डबी?"

मी घड्याळ बघायला लागले की ती म्हणायची, "घाई कसाले, मॅडम? गॅस काय पयी जास का?" घाई कशाला, गॅस काय पळून जातोय का! दिवसातून दहादा हेच. मला अहिराणी येत नाही असं नाही. मी अमळनेरची, आई आजही दुसरं काही बोलत नाही. पण शाळेत असतानाच मी ती जिभेवरून खरवडून काढली, शिकलेल्या मुलीला शोभत नाही म्हणून. पुष्पा मात्र वर्गातसुद्धा मध्येच अहिराणीत घुसायची आणि मागच्या बाकावरचे सगळे ताठ बसायचे. माझ्या तासाला ते झोपायचे.

जळगावातली एक गोष्ट सांगते. कापडाच्या व्यापाऱ्याचं घर, मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्यांपासून इथले. घरची सून डबी घेऊन थेट दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे निघाली. "मॅडमनी दिलेली वस्तू, चांगल्या जागीच ठेवायला पाहिजे ना?" मी समजावलं, कपाटात नको, आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने दिवाणखान्याच्या मधोमध टांगून नोंद केली. पुष्पा घरभर हिंडत होती. मला वाटलं, फर्निचर बघतेय. परत येऊन म्हणाली, "मॅडम, इथे कोणी बसतच नाही." मी म्हटलं, "तुला काय माहीत?" तर हाताला धरून मला स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली आणि भिंत दाखवली. बसल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर तेलाचा भला मोठा काळपट डाग. घरच्या सासूबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे टेकून बसायच्या. "तेलाचा डाग जिथे, माणूस तिथे," पुष्पा म्हणाली आणि डबी काढून तिथे लावली.

त्यानंतर आम्ही प्रत्येक घरात आधी डाग शोधायला लागलो. तिचं म्हणणं एकदाही चुकलं नाही. अहवालात मी त्याचं बारसं केलं, 'रहिवाशांचा प्रत्यक्ष वावर निश्चित करण्याची पद्धत'. खाली तिचं नाव घालायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, घातलं नाही.

पहूरला तर कहरच झाला. तीन महिन्यांनी आम्ही घरोघर आकडे सांगायला गेलो. एकाच घराचे दोन भाग, दोन जावा. धाकटी तरातरा बाहेर आली. "काहून वो मॅडम, माह्या जावेचा आकडा मोठा आन् माह्या घराचा लहान? म्या डबीले काय कमी सांभाळलं?" मी म्हटलं, "अहो, लहान आकडा चांगला." तिला वाटलं, नापास पोराची समजूत काढावी तशी मी तिची काढतेय. डोळ्यांत पाणी! थोरली दारात उभी राहून पदर सावरत हसतेय, बोर्डात आल्यासारखी. मी फळ्यावर शिकवते तसं सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी पुष्पा पुढे झाली. "मावशी, दवाखान्यात कोणाची शुगर जास्त निघाली तं पेढे वाटतात का?" धाकटी खुदकन हसली. मग थोरलीचं तोंड उतरलं, तर पुष्पाने तिच्या खोलीत जाऊन गादीच्या ढिगाआड बुजलेली खिडकी स्वतःच्या हाताने उघडली. "ही उघडी ठेव. बस, एवढंच औषध."

येताना एसटीत पुष्पा हसून हसून लोळत होती. मला काही हसू आलं नाही. मला त्या धाकट्या जावेचं मनोमन पटलं होतं. जावेकडे जास्त आहे ना? मग काय जास्त आहे ते मागाहून बघू!

आता आईचं सांगते. ते टाळून पुष्पाची गोष्ट पुरी होत नाही.

वडील गेल्यापासून आई अमळनेरला एकटी राहायची. अण्णांचं गळिताच्या धान्याचं छोटं दुकान होतं. घराखाली काळ्या दगडाचं तळघर, त्यात तीळ-शेंगदाण्याची पोती असायची. उन्हाळ्यात वर भट्टी पेटायची तेव्हा खाली माठासारखं गार. अण्णा शेवटच्या आजारात तिथेच होते. ते गेले, दुकान गेलं, पोती गेली, आणि आई खालीच राहिली. आधी दुपारपुरती, मग दिवस-रात्र. एकच झरोका, त्यातही धूळ येते म्हणून गोणपाट कोंबलेलं. तिला खोकला लागला होता. तीन वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते. वर राहा. धुळ्याला चल. कूलर घेते, एसी बसवते. तिचं एकच उत्तर, "मले आठेच बरं वाटस." मला इथेच बरं वाटतं.

अर्ध्या खान्देशात डब्या टांगल्या, पण आईच्या तळघरात मी डबी लावली नव्हती. विचारा का? तिथे डबी लावायची म्हणजे पुष्पा येणार. आणि पुष्पा एकदा त्या घरात शिरली की आई माझी राहणार नाही, अशी मला धास्ती होती. हसू नका, खरंच होती.

व्हायचं ते झालंच. अमळनेरच्या दुसऱ्या घरांसाठी म्हणून गेली आणि विचारत विचारत आईकडे पोचली. दुसऱ्या दिवशी मला म्हणते, "मॅडम, मायकडे डबी लावून आले." माय! घरात सगळे तिला माय म्हणायचे, शाळेत गेल्यापासून 'आई' म्हणणारी मी एकटी. संध्याकाळी आईचा फोन, "शैले, तुनी मैतरीन भलती गुनी शे. मी तिले कढी-फुनके करी खावाडात." मला ते वाफवलेल्या डाळीचे फुनके हवे असले तर चार दिवस आधी सांगावं लागायचं.

तीन महिने झाले. पुष्पा डब्या गोळा करत गावोगाव फिरत होती, फिल्म धुऊन मोजायचं काम मी करत होते. फिल्मवर घराचं नाव नसतं, फक्त क्रमांक. एका फिल्मवर इतकी भोकं दिसली की मी आधी काचच पुसली. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मर्यादेच्या बरंच वर, आमच्या सगळ्या घरांत सगळ्यात जास्त. मग रजिस्टर उघडलं. अमळनेर. आईचं तळघर.

तिचा तो खोकला कानात वाजायला लागला. आणि त्या भीतीच्या पाठोपाठ, सांगायला लाज वाटते, मनात आलं ते हे की पुष्पाला कळायच्या आत आईला वर मी काढणार. मी. तिची लेक. फिल्म मी पाकिटात घालून, वर तारीख टाकून माझ्या खणात ठेवून दिली.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून अमळनेर गाठलं. आईला सगळं सांगितलं, कागदावर चित्र काढून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "इतला वरीस ऱ्हायनू, मले काय व्हयनं?" रविवारी पुन्हा गेले. रागावले, रडले, फुप्फुसाचं नाव काढलं, कॅन्सरचं काढलं. ती म्हणाली, "तू वर्गमा शिकाडस तशी मले नको शिकाडू." आणि जिना उतरून खाली निघून गेली. मी वर, ती खाली, आणि तो वायू तिच्यापाशी.

आठव्या दिवशी मी फिल्म घेऊन पुष्पाच्या टेबलापाशी गेले. त्या चार पावलांइतकं लांबचं मी कधी चालले नसेन. म्हटलं, "माझं ऐकत नाही ती. तू सांगून बघ."

पुष्पाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रजिस्टर पाहिलं. मग पाकिटावरची माझ्या अक्षरातली तारीख पाहिली.

"मॅडम, हे मोजून आठ दिवस झाले."

"हो."

"आठ दिवस माय तिथेच झोपतेय? आणि तुम्हाला माहीत होतं?"

त्या दिवशी ती हसली नाही, त्यामुळे तिचे डोळे नीट दिसले आणि मलाच खाली बघावं लागलं. तिने पिशवी उचलली, तास दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितला आणि म्हणाली, "चला." अमळनेरपर्यंत एसटीत ती माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसली.

घरी पोचल्यावर ती सरळ तळघरात उतरली. मी पायरीवरच थांबले. तिने आधी झरोक्यातलं गोणपाट ओढून काढलं. गॅसचं मात्र नावही काढलं नाही. आईशेजारी बाजेवर बसली, सुंभाच्या विणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माय, ही बाज कोनी इनेल शे?"

"यासनी," आई म्हणाली. म्हणजे अण्णांनी. मग ती बोलतच राहिली. आजारपणाआधीच्या हिवाळ्यात अण्णांनी ती बाज खालीच बसून विणली. तिचे खूर, म्हणजे पायही, खालीच ठोकले. जिना अरुंद, त्यामुळे ती कधी वर आलीच नाही. अण्णा गेले ते त्याच बाजेवर. "मी वर गयू तं ही आठे एकलीच पडी ऱ्हाई," आई म्हणाली. "मंग मी कशी जाऊ?"

तीन वर्षं मी कूलर आणि एसीच्या किमती विचारत हिंडत होते. तू खाली का राहतेस, हे आईला एकदाही विचारलं नव्हतं.

"मंग बाजलेच वर लई जाऊत ना!" पुष्पा म्हणाली. मी पायरीवरून म्हटलं, "या जिन्यातून निघणार नाही. विण कापावी लागेल." आई कडाडली, "इळा लावशान तं खबरदार!" पुष्पा म्हणाली, "कापाना कसाले? उकलूत."

तिने हातातल्या बांगड्या उतरवून माझ्याकडे दिल्या, पदर खोचला आणि शेवटची गाठ शोधायला बसली. सबंध दुपार त्या दोघी समोरासमोर बसून अण्णांनी विणलेली बाज एकेक फेरा उलट उकलत होत्या. आई मध्येच सांगायची, आठे यासनी चूक करेल व्हती, आठे मी त्यासले हसनू. मला उकलता येत नव्हतं. मी सुटलेल्या सुंभाचा गुंडा करत होते. मग खूर मोकळे केले, लाकडं एकेक करून वर नेली, वरच्या वाऱ्याच्या खोलीत पुन्हा जोडली आणि पुन्हा विणायला सुरुवात. पुष्पाचे हात मशीनसारखे चालत होते, आई वीण सांगत होती. माझ्या हातात फक्त सुंभाचं टोक. "ताणी धर, शैले," आई म्हणाली. मी ताणून धरलं.

दिवेलागणीला आई त्या बाजेवर बसली. वर, खिडकीपाशी. रात्री खाली जाते का, असं विचारायची कुणाला गरजच पडली नाही. पुढच्या आठवड्यात तळघरात कांदे गेले. मी आईला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, फोटो काढला, काही निघालं नाही. खोकलाही पुढे कमी झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर वर आणलंत. तुम्ही आणलंत, असं मला म्हणाले. मी ऐकून घेतलं.

परतताना एसटीत मी पुष्पाला काहीतरी चांगलं म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "तुला विणता कुठून येतं?" म्हणाली, "आमना घरमा बठ्ठास्ले येस." घरात सगळ्यांनाच येतं म्हणे. आणि हसली, म्हणजे मला माफ केलं असावं. ते ती इतक्या सहज करू शकते, याचाही मला हेवाच वाटला.

गेल्या जूनमध्ये संस्थेने तिला नंदुरबारकडच्या कॉलेजात पाठवलं. बदलीचा कागद माझ्या टेबलावरून गेला. मी अडवला असता तर अडला असता, अडवला नाही. ती रविवारी फोन करते. आईला.

मी तिला शेवटचं पाहिलं ते तिच्या जाण्याआधी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. मीही दरवर्षीप्रमाणे न कळवता आंबे घेऊन अमळनेरला गेले. भर दुपार, दार नुसतं लोटलेलं. आत सतरंजीवर पुष्पा गाढ झोपलेली, राणी रंगाची साडी चुरगळलेली, डोकं आईच्या मांडीवर. आई तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. मी दिसताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"ही इथे कशी?" मी कुजबुजले.

"मीच बलाव," आई म्हणाली. "तिले कोन बलावनार आखाजीले? तिनी माय ती सात-आठ वरीसनी व्हती तव्हयच गयी."

बारा वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसले आणि हे मला माहीत नव्हतं. मी आंब्यांची पिशवी हळूच खाली ठेवली. आई मला वाढायला उठेल म्हणून थांबले. ती काही उठली नाही. पुष्पाने झोपेत कूस बदलली तशी तिने तिच्या डोक्याखाली हात सारला आणि मला म्हणाली, "तू तुना हातघाई वाढी ले ना." म्हणजे माझं मी वाढून घ्यायचं.

हेवा वाटला. का नाही वाटणार? माझी आई होती ती. मी स्वयंपाकघरात गेले, पुरणाची पोळी आणि आमरस वाढून घेतला. मग दुसरं ताट घेतलं, तेही वाढलं, त्यावर झाकण ठेवलं. आणि सणकून भूक लागलेली असताना, दोन ताटं पुढ्यात घेऊन, ती उठायची वाट बघत बसले.